इंग्लिश वाइन: बाटली निवडण्यापासून ताटापर्यंत

इंग्लंडात द्राक्षं पिकतात हेच मुळात अनेकांना पटत नाही. पटलं तरी त्या पावसाळी हवेतल्या द्राक्षांची वाइन कोण पिणार, असा पुढचा प्रश्न येतो. त्याचं उत्तर फ्रेंचांनीच देऊन टाकलं आहे. शॅम्पेन बनवणाऱ्या तैतांजे घराण्याने 2015 साली केंट परगण्यात जमीन घेतली, पॉमरीने हॅम्पशायरमध्ये द्राक्षं लावली. शॅम्पेन प्रांताखालचा खडूचा थर इंग्लिश खाडीच्या पलीकडे ससेक्स आणि हॅम्पशायरच्या टेकड्यांत पुन्हा वर येतो. त्यात गेल्या काही दशकांत हवा थोडी उबदार झाली, आणि शार्डने, पिनो न्वार, म्यूनिए ही शॅम्पेनची तिन्ही द्राक्षं तिथे नीट पिकू लागली.

तरी थंडी ती थंडीच. निफाडला थंडीची लाट आली की शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, तशा केंट-ससेक्समध्ये एप्रिल-मेच्या रात्री द्राक्षांच्या रांगांमधून मेणाचे मोठे दिवे लावावे लागतात, नाहीतर कोवळी फूट करपते. आपल्याकडे नाशिकची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो. द्राक्ष सावकाश पिकतं, साखर बेताची भरते आणि आंबटपणा टिकून राहतो. इंग्लिश वाइनची सगळी खुबी या आंबटपणात आहे. ताटातल्या ज्या पदार्थावर तुमचा हात आपसूक लिंबाची फोड पिळतो, त्या पदार्थाबरोबर ही वाइन चालते. पुढचं बहुतेक सगळं या एका गोष्टीतून निघतं.

पहिली पायरी: लेबल वाचा

बाटलीवर ‘इंग्लिश’ लिहिलंय की ‘ब्रिटिश’, हे आधी बघा. ‘ब्रिटिश वाइन’ बहुधा बाहेरून आणलेल्या द्राक्षरसाच्या अर्कापासून ब्रिटनमध्ये बनवतात. ती स्वस्त असते आणि आपल्या कामाची नाही. ‘इंग्लिश’ म्हणजे इंग्लंडच्या मातीत पिकलेल्या ताज्या द्राक्षांची. वेल्सची असेल तर ‘वेल्श’ लिहिलेलं असतं.

स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, घेताना ‘ट्रॅडिशनल मेथड’ हे शब्द शोधा. म्हणजे दुसऱ्यांदा आंबवण्याची क्रिया त्याच बाटलीत होते, बुडबुडे तिथेच तयार होतात, आणि वाइन कित्येक महिने, चांगल्या उत्पादकांकडे काही वर्षं, यीस्टच्या गाळावर पडून राहते. भाजलेल्या पावाचा, बिस्किटाचा वास येतो तो त्यामुळे. या पद्धतीचं मूळ कुणाचं यावर दोन्ही देशांत अजून चिमटे काढणं चालतं. 1662 साली क्रिस्टोफर मेरेट नावाच्या इंग्रज वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे एक निबंध वाचला. वाइनमध्ये साखर आणि काकवी घालून ती फेसाळ करतात, असं त्यात नोंदवलं आहे. शॅम्पेनचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो फ्रेंच भिक्षू दों पेरिन्यों ओव्हिलेच्या मठात रुजू झाला तो 1668 मध्ये. अर्थात मेरेटच्या काळी ती वाइन बाहेरून आलेलीच असायची, हे इंग्रज मंडळी जरा हळू आवाजात सांगतात. (फेसाळ वाइनशी आपलाही जुना संबंध आहे. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावची ‘ओमर खय्याम’ 1980च्या दशकात लंडनमध्ये विकली जात होती.)

तिसरा शब्द गोडीचा. ‘ब्रूट’ म्हणजे लिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, जिभेला कोरडी. ‘डेमी-सेक’मध्ये 32 ते 50 ग्रॅम, चांगली गोड. लेबलावर साल असेल तर ती एकाच हंगामाची वाइन. 2018 आणि 2022 हे उन्हाचे, चांगले हंगाम होते, ते दिसले तर उचला.

दुसरी पायरी: तीन बाटल्यांपासून सुरुवात करा

एकदम दहा ब्रँडांच्या मागे लागू नका. तीन प्रकार चाखले की चित्र स्पष्ट होतं.

पहिली बॅकस. ही बुडबुड्यांशिवायची पांढरी वाइन, आणि माझ्या मते ओळख करून घ्यायला हीच सर्वांत सोपी. बॅकस हे 1933 मध्ये जर्मनीत संकरातून तयार केलेलं द्राक्ष, पण त्याचं नाव झालं ते इंग्लंडात. वास हिरवा: नुकतं कापलेलं गवत, गूजबेरी, एल्डरफ्लॉवर. केंटमधल्या टेंटरडेनची चॅपल डाउन किंवा कॉर्नवॉलची कॅमल व्हॅली यांच्या बॅकस सहज मिळतात. किंमतही झेपणारी असते.

दुसरी क्लासिक ब्रूट, तिन्ही शॅम्पेन द्राक्षांची. नायटिंबर, रिजव्ह्यू, गसबोर्न यांपैकी कुठलीही. नायटिंबरची गोष्ट सांगायलाच हवी. 1988 मध्ये स्टुअर्ट आणि सँडी मॉस या अमेरिकन जोडप्याने वेस्ट ससेक्समध्ये ही द्राक्षं लावली, तेव्हा इंग्लंडात बहुतेक जण थंडीला दाद न देणाऱ्या जर्मन जातींवर समाधान मानत होते. 1992च्या त्यांच्या पहिल्या हंगामाने अख्ख्या धंद्याची दिशा बदलली. अशा बाटलीला साधारण 25 ते 40 पौंड पडतात. महाग आहे, पण बऱ्या शॅम्पेनलाही तेवढेच लागतात.

तिसरी एसेक्समधली बुडबुड्यांशिवायची शार्डने किंवा पिनो न्वार. क्राउच नदीच्या खोऱ्यात चिकणमाती आहे, पाऊस कमी आणि ऊन जास्त, त्यामुळे तिथलं द्राक्ष पूर्ण पिकतं. डॅनबरी रिज हे नाव लक्षात ठेवा. इंग्लिश रेड वाइन मात्र जपून निवडा, बऱ्याचशा अजून पातळ आणि कच्च्या लागतात.

तिसरी पायरी: थंड करा, हळू उघडा

स्पार्कलिंग आणि बॅकस 8 ते 10 अंशांवर, शार्डने 10 ते 12, पिनो न्वार 14च्या आसपास. घरच्या फ्रिजमध्ये तीन-चार तास पुरतात. घाई असेल तर बर्फ आणि पाणी भरलेल्या बादलीत अर्धा तास ठेवा. नुसत्या बर्फापेक्षा पाणी घातलेला बर्फ लवकर थंड करतो.

स्पार्कलिंगच्या बाटलीत सुमारे 6 वातावरणांइतका दाब असतो, म्हणून तोंड माणसांपासून दूर ठेवा. तारेचा पीळ सोडवला की अंगठा बुचावरून काढू नका. बाटली तिरपी धरा, बूच घट्ट पकडा आणि बूच न फिरवता बाटली फिरवा. बुचाचा फार आवाज झाला नाही तर जमलं म्हणायचं. ग्लास उंच, चिंचोळाच हवा असं नाही. साधा पांढऱ्या वाइनचा ग्लास वासाला बरा.

चौथी पायरी: ताटाशी जुळवा

सुरुवात फिश अँड चिप्सने करा. तळणीचा तेलकटपणा, मीठ आणि समोर कोरडी, आंबट, बुडबुड्यांची ब्रूट, यापेक्षा चांगली जोडी इंग्लंडात मला सापडलेली नाही. एकच पथ्य: चिप्सवर माल्ट व्हिनेगरचा मारा करू नका, त्यापुढे वाइन फिकी पडते. समुद्राकाठी असाल तर व्हिट्स्टेबलचे ऑयस्टर किंवा क्रोमरचा खेकडा घ्या. ब्लाँ द ब्लाँ, म्हणजे फक्त पांढऱ्या द्राक्षांची स्पार्कलिंग, यांच्यासाठीच बनवल्यासारखी वाटते.

बॅकसचा खरा महिना मे. इंग्लिश शतावरीचे कोंब 23 एप्रिल ते 21 जूनच्या सुमारास बाजारात असतात आणि वाइनवाल्यांना डोकेदुखी देतात, कारण बहुतेक वाइन त्यांच्यासोबत कडवट, धातूसारखी लागते. बॅकस तशी लागत नाही, तिची हिरवी चव त्या कोंबांशी जुळते. लोणी आणि मीठ एवढंच घाला. बकरीच्या दुधाचं चीजही चालेल. हाच धागा पुढे नेला तर आपली कोथिंबीर वडी आणि हिरवी चटणी बॅकसबरोबर सुंदर लागतात, फक्त चटणीत मिरची आवरा.

मिरचीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. अल्कोहोल आणि बुडबुडे दोन्ही तिखटाची आग वाढवतात. कोल्हापुरी तांबडा रस्सा किंवा झणझणीत मिसळ यांच्याबरोबर 35 पौंडांची ब्रूट उघडणं म्हणजे पैसे पाण्यात. तिथे ताक किंवा सोलकढीच बरी. साबुदाणा वडा, रव्यात घोळून तळलेले बोंबील, सुरमईची तुकडी मात्र ब्रूटसमोर निर्धास्त ठेवा. लंडनच्या मासळीबाजारात बोंबील नसतील, तर व्हाइटबेट नावाचे लहान मासे तळून घ्या, काम भागतं.

एसेक्सच्या शार्डनेला भाजलेली कोंबडी, लोण्यातला सोल मासा. पिनो न्वारला मशरूम, बदक किंवा कोकराचं हलकं भाजलेलं मांस. जुन्या, कडक चेडरला गाळावर जास्त वर्षं राहिलेली स्पार्कलिंग द्या, स्टिल्टन या निळ्या बुरशीच्या चीजसाठी मात्र पोर्ट ही गोड वाइनच ठेवा.

गोडाच्या बाबतीत बरेच जण फसतात. वाढदिवसाच्या केकबरोबर ब्रूट ओततात आणि ती एकदम आंबट लागते. खाण्यापेक्षा वाइन गोड असायला हवी, नाहीतर तिची चव मरते. स्पंज केक, स्ट्रॉबेरी-क्रीम, अगदी पुरणपोळीसाठीही डेमी-सेक काढा. नायटिंबरची ‘क्यूवे शेरी’ तशीच आहे.

पाचवी पायरी: मळ्यात जा

लंडनहून सर्वांत सोपा मळा सरे परगण्यातला डेनबीज. 1986 पासूनची लागवड, सुमारे 265 एकर. डॉर्किंग स्टेशनवरून पायी जाता येतं, त्यामुळे गाडी चालवण्याचा प्रश्नच येत नाही. चाखताना थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला लाजू नका, तिथे कुणी वळूनही बघत नाही. सप्टेंबरअखेर गेलात तर घड लगडलेले दिसतात, पण तेव्हा कामाची धांदल असते, आगाऊ नोंदणी करा.

आणि स्पार्कलिंग उरलीच, तर बाटलीच्या तोंडात चांदीचा चमचा अडकवण्याचा जुना तोडगा काही कामाचा नाही. घट्ट बसणारं स्पार्कलिंगचं झाकण चार-पाच पौंडांना मिळतं. ते लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली की दुसऱ्या दिवशीही बुडबुडे राहतात.