टोर्नेडो घडवणाऱ्या सुपरसेलचा रडारवरून मागोवा

सुपरसेल म्हणजे ज्याचा वर चढणारा हवेचा प्रवाह सातत्याने स्वतःभोवती फिरत असतो असे गडगडाटी वादळ. म्हणून रडारवर पाऊस किती आहे यापेक्षा हवा कुठे फिरते आहे हे शोधणे अधिक महत्त्वाचे असते.

प्रथम सर्वांत खालच्या, साधारण ०.५ अंश कोनातील परावर्तनाचे, म्हणजे पाऊस-गारांवरून परतलेल्या रडारलहरींच्या तीव्रतेचे, चित्र उघडावे आणि वादळाच्या मागील बाजूस, उत्तर गोलार्धात बहुधा नैर्ऋत्येला, आकड्यासारखा वळलेला भाग दिसतो का ते पाहावे. केवळ या आकारावर मात्र विसंबू नये. लगेच त्याच जागेचे वेगाचे चित्र, शक्यतो वादळाची स्वतःची गती वजा केलेले, उघडावे. त्यात रडारकडे येणारी हवा सहसा हिरव्या आणि दूर जाणारी लाल रंगात असते. हे दोन्ही तीव्र रंग रडारपासून सारख्याच अंतरावर एकमेकांना खेटून दिसले, तर तिथे हवेचे जोरदार भ्रमण असते. ही जोडी सलग काही स्कॅनमध्ये टिकते का, आवळत जाते का, वरच्या कोनांतही दिसते का, हे धीराने तपासणे हाच या कामाचा गाभा आहे.

दुहेरी ध्रुवीकरणाचे, म्हणजे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणारे, रडार असल्यास सहसंबंध गुणांकही, म्हणजे हवेतील कण एकमेकांसारखे किती आहेत हे सांगणारा आकडाही, पाहावा. भ्रमणाच्याच जागी, परावर्तन जास्त असूनही, तो ०.८ च्या खाली घसरला असेल, तर बहुधा टोर्नेडोने उचललेले अवशेष हवेत आहेत.

शंभर किलोमीटरवर सर्वांत खालची किरणशलाकाही जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचावरून जाते, शिवाय चित्र काही मिनिटे जुने असते; त्यामुळे पडदा शांत दिसला तरी अधिकृत इशारा मिळताच आसरा घ्यावा.