अर्धवट वाचून झालेल्या फॅन्टसी कादंबरीवर चारचौघांत कसे बोलावे

पूर्ण वाचून झालेल्या पुस्तकावर बोलणे तुलनेने सोपे असते, कारण शेवट ठाऊक असला की कोणता प्रसंग कशासाठी आला होता हे मागे वळून सांगता येते. सध्या हातात असलेल्या, निम्मीही न झालेल्या कादंबरीवर बोलताना ही सोय नसते. फॅन्टसीच्या बाबतीत तर अडचण आणखी वाढते, कारण या कादंबऱ्या बहुधा मालिकेने येतात आणि वाचक वर्षानुवर्षे मध्येच कुठेतरी असतो. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचा पहिला खंड 1996 साली आला, पाचवा 2011 साली आला, आणि सहाव्याची वाट वाचक अजून पाहत आहेत. रॉबर्ट जॉर्डन यांचे 2007 साली निधन झाले तेव्हा ‘द व्हील ऑफ टाइम’ अपुरी होती. ब्रँडन सँडरसन यांनी ती पुढे लिहून चौदाव्या खंडाने 2013 साली पूर्ण केली. अशा पुस्तकांवर शेवट हाती आल्यावरच तोंड उघडायचे ठरवले, तर वाचकांची बैठक कधी भरायचीच नाही. त्यामुळे सोलापुरात ज्यांना अशी बैठक जमवायची आहे, त्यांनी पहिल्या दिवसापासून एक गोष्ट मान्य करून टाकावी: इथे मांडलेले प्रत्येक मत त्या प्रकरणापुरते आणि त्या दिवसापुरते आहे, आणि पुढच्या बैठकीत ते बदलले तर त्यात कमीपणा नाही.

बोलायला सुरुवात करण्यापूर्वी आपण कुठवर पोचलो आहोत हे स्पष्ट सांगावे. ‘निम्मे झाले’ किंवा ‘दोनशे पाने झाली’ असे सांगून भागत नाही, कारण छापील मूळ प्रत, मराठी अनुवाद आणि किंडल यांची पाने एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ऑडिओबुक ऐकणाऱ्याजवळ तर पानेच नसतात. प्रकरणाचा क्रमांक आणि तिथला शेवटचा प्रसंग, एवढे सांगितले की सर्वांना नेमका ठावठिकाणा कळतो. मालिकेत खंडांची नावेही सांगावीत. जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही वस्तुतः एकच कादंबरी असून 1954 आणि 1955 या वर्षांत ती तीन खंडांत प्रसिद्ध झाली; मात्र आतून तिचे सहा ‘बुक’ पाडलेले आहेत. परिणामी ‘मी दुसऱ्या बुकात आहे’ असे कोणी म्हटले की तो पहिल्याच खंडाच्या उत्तरार्धात आहे की दुसऱ्या खंडात, हे विचारून घ्यावेच लागते. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेत वेगळाच गोंधळ आहे. 1950 साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या कितीतरी आधीची हकिगत 1955 सालच्या पुस्तकात येते, आणि पुढच्या काळातील अनेक आवृत्त्यांवर कथेच्या काळानुसार क्रमांक छापलेले असल्यामुळे एकाचे ‘पहिले पुस्तक’ दुसऱ्याचे सहावे असू शकते.

एवढे झाल्यावर बोलण्याचा क्रम ठरवावा, आणि इथे मी जरा हट्टाने सांगतो: ज्याचे वाचन सर्वांत कमी झाले आहे, त्याने सर्वांत आधी बोलावे. सहसा उलटे घडते. ज्याने पुस्तक संपवले आहे तो उत्साहाच्या भरात सुरू होतो आणि बाकीचे कानांवर हात ठेवून बसतात. मागे असलेला आधी बोलला की त्याच्यासमोरचे कोडे ताजे असते, आणि पुढे गेलेल्यांना त्याच कोड्याकडे पुन्हा पाहण्याची संधी मिळते. पुढे गेलेल्यांवर मात्र पथ्य कडक हवे. शेवट सांगितला म्हणजेच रहस्य फुटले असे नसते. सल्ल्यातून, सहानुभूतीतून, इतकेच काय पण नजरेतूनही ते फुटते. एका बैठकीत अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी एका म्हाताऱ्या वाटाड्याच्या पात्राविषयी भरभरून बोलत होती. शेजारी बसलेले निवृत्त शिक्षक मायेने म्हणाले, “त्याच्यावर एवढा जीव लावू नकोस गं.” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “झालं की सर! आता तो मरतो हे कळलं की मला.” सरांनी एक शब्दही जास्तीचा सांगितला नव्हता. ‘पुढे बघ, मजा आहे’ हे वाक्यही त्याच जातीचे आहे, कारण ते ऐकल्यावर वाचक प्रसंग वाचायचे सोडून धक्क्याची वाट पाहू लागतो. पुढे गेलेल्याने फक्त प्रश्न विचारावेत, आणि तेही समोरच्याने वाचलेल्या भागावरचेच.

आता प्रत्यक्ष मत. अर्धवट पुस्तकाला तारे किंवा गुण देऊ नयेत. दहापैकी सात हा आकडा दिसतो नेमका, पण कशाचे सात हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी वेगवेगळ्या करून बोलावे: लेखकाने उभे केलेले जग, त्या जगातील अद्भुताचे नियम, आणि या दोन्हींत वावरणारी माणसे. नवखा वाचक बहुतेक वेळा या तिन्हींची सरमिसळ करतो आणि ‘संथ आहे’ एवढे म्हणून मोकळा होतो. संथ म्हणजे नेमके काय, हे शोधण्यात खरे काम आहे. ‘सातव्या प्रकरणापर्यंत तीन राजघराण्यांच्या वंशावळी सांगून झाल्या, तरी नायिकेने घर का सोडले हे अजून कळलेले नाही, आणि या वंशावळी पुढे कामी येतील असा भरवसा मला वाटत नाही’ हे मत आहे. त्यात वाचक कुठे आहे हे कळते, त्याला काय मिळाले आणि काय मिळाले नाही हे कळते, आणि लेखकावरचा त्याचा भरवसा कुठे डळमळला तेही कळते. समोरचा त्यावर ‘मला त्या वंशावळींतच रस वाटला, कारण दोन घराण्यांचे कुलचिन्ह एकच आहे’ असे म्हणू शकतो, आणि तिथून चर्चा सुरू होते. ‘संथ आहे’ याला ‘नाही, छान आहे’ याखेरीज उत्तर नसते.

नियमांवर थोडे थांबायला हवे, कारण फॅन्टसीचा कस बहुधा तिथेच लागतो. जादू कोणाला येते, ती वापरली की काय गमवावे लागते, आणि तिला कोणती गोष्ट मुळीच साधत नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे वाचलेल्या भागात मिळतात का ते तपासावे. सँडरसन यांनी याविषयी मांडलेले सूत्र प्रसिद्ध आहे: वाचकाला जादू जितकी समजलेली असेल, तितक्याच प्रमाणात लेखकाने तिच्या जोरावर कथेतील पेच सोडवावा. हाताशी धरायला हे माप चांगले आहे. नायक दरीत पडला आणि ज्याचा आधी उल्लेखही नव्हता असा मंत्र त्याला आठवला, तर वाचकाला फसवल्यासारखे वाटते. तोच मंत्र दुसऱ्या प्रकरणात एखाद्या किरकोळ कामासाठी येऊन गेलेला असेल, तर तोच वाचक खूश होतो. परंतु हे माप सर्व कादंबऱ्यांना सरसकट लावू नये. काही लेखक जादू मुद्दाम धूसर ठेवतात आणि तिच्याकडून पेच सोडवून घेतच नाहीत. तिथे नियमांची मागणी करणे हा वाचकाचाच उतावीळपणा ठरतो. आपली कादंबरी कोणत्या प्रकारची आहे हे पहिला एक तृतीयांश भाग वाचून होईपर्यंत बहुतेक वेळा कळून येते, आणि तोवर या बाबतीत निकाल देऊ नये.

निकालाऐवजी अंदाज द्यावा. पुढे काय होईल असे वाटते आणि कोणत्या खुणेवरून वाटते, हे प्रत्येकाने एका वाक्यात सांगावे आणि बैठकीच्या वहीत तारीख व प्रकरण घालून लिहून ठेवावे. अंदाज बरोबर निघाला की चुकला याला फारसे महत्त्व नाही. लेखकाने पेरलेल्या खुणा आपल्याला दिसल्या का, आणि दिसल्या तरी आपण भलत्याच दिशेने का गेलो, हे पुस्तक संपल्यावर त्या नोंदींवरून कळते. वही एकाकडेच असावी, आणि शक्यतो ती पुस्तकात फार पुढे गेलेल्याकडे नसावी, कारण अंदाज लिहून घेताना त्याच्या चेहऱ्यावर उत्तर उमटल्याशिवाय राहत नाही.

सोलापुरात अशा बैठकीला एक वेगळी श्रीमंती लाभते, तिचा उपयोग करून घ्यावा. इथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे एकाच गल्लीत सापडतात, आणि अद्भुताची बाळगुटी प्रत्येकाने वेगळ्या भाषेतून घेतलेली असते. शहराच्या तेलुगू भाषकांची वस्ती असलेल्या पूर्व भागातील एखाद्याच्या घरी आजोबांनी तेलुगू ‘चंदमामा’ वाचून दाखवलेला असतो, जो 1947 पासून निघत होता, आणि शेजाऱ्याकडे त्याचाच मराठी भाऊ ‘चांदोबा’ येत असे; विक्रम-वेताळ दोघांचाही. त्यामुळे गोष्टीच्या पोटात गोष्ट आली की युरोपीय पद्धतीच्या फॅन्टसीवर वाढलेला तरुण वाचक गोंधळतो, पण ही मंडळी आरामात पुढे जातात. असे घडले की तिथेच थांबून विचारावे: तुम्हाला ही रचना सोपी का वाटली? एकाच कादंबरीचा अनुवाद आणि मूळ असे दोन्ही वाचणारे बैठकीत असतील, तर पात्रांच्या आणि गावांच्या नावांचा एक तक्ता करून ठेवावा. नाहीतर अर्धा वेळ ‘तो कोण?’ यातच जातो.

ज्येष्ठ वाचकांकडून एक वाक्य हटकून येते: ‘हे सगळे आपल्याकडे आधीच होते.’ ते पूर्णपणे खोटे नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 सालची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 सालची. मराठी कादंबरी रांगायला लागली तीच मुळी अद्भुताचे बोट धरून, आणि पुढे नाथमाधव यांच्या ‘वीरधवल’ने कित्येक पिढ्यांना जागवले. अडचण एवढीच आहे की हे वाक्य उच्चारले की चर्चा संपते. ते म्हणणाऱ्याला आदराने पुढचा प्रश्न करावा: काका, तिथे अद्भुत कशासाठी येत होते आणि या पुस्तकात कशासाठी येते आहे? मनोरंजनासाठी, संकटातून सुटका करण्यासाठी, की माणसाचा लोभ उघडा पाडण्यासाठी? असे विचारले की ज्यांनी जुन्या कादंबऱ्या खरोखर वाचलेल्या असतात ते खुलतात, आणि ज्यांनी फक्त नावे ऐकलेली असतात ते हिराचंद नेमचंद वाचनालयाकडे वळतात, हाही फायदाच. ‘ही तर मुलांची पुस्तके’ या शेऱ्याची दखल मात्र घेऊ नये. त्यावर वाद घालण्यात एक अख्खी संध्याकाळ जाते आणि हाती काही लागत नाही.

बैठकीच्या व्यवस्थेबाबत थोडक्यात. सहा-सात माणसे पुरेत. त्याहून जास्त झाली की प्रत्येकाचा ठावठिकाणा लक्षात ठेवणे अवघड होते. मार्च ते मे या काळात ऊन इतके कडक असते की सूर्य मावळल्याशिवाय कोणाला बोलावू नये, आणि गच्ची असेल तर गच्चीच बरी. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, दिवसांत बैठक ठेवूच नये. नंदीध्वजांच्या मिरवणुका आणि होम मैदानावरची यात्रा सोडून कादंबरीसाठी कोणी येणार नाही, आणि येऊही नये. खाणे शेवटी ठेवावे. शेंगा चटणी आणि कडक भाकरी समोर आली की बोटे तेलकट होतात, आणि वाचनालयाच्या प्रतीवर त्याचे डाग पडले तर पुढचा वाचक शिव्या देतो.

मतभेद झाला तर पुस्तक उघडावे. ज्या परिच्छेदावरून वाद आहे तो मोठ्याने वाचावा, मात्र मागे असलेल्या वाचकाच्या मर्यादेच्या आतला. बऱ्याचदा असे दिसते की दोघांपैकी एकाने तो परिच्छेद घाईत ओलांडला होता. तरीही मत जुळले नाही तर न जुळलेलेच वहीत लिहावे, दोन्ही बाजूंनी, आणि विषय बदलावा.

कोणी पुस्तक मध्येच सोडले तर त्याला शेवट वाचण्याचा आग्रह करू नये, पण सोडताना दोन ओळी जरूर मागाव्यात: कोणत्या प्रकरणाशी सोडले आणि त्या आधीच्या प्रकरणात काय खटकले. पुरेसा वेळ नव्हता हेही कारण चालते. त्याला पुस्तकाचा दोष समजू नये आणि वहीत तसेच नोंदवावे. एकाच कादंबरीपाशी तीन जण एकाच प्रकरणात थांबलेले आढळले, तर पुढच्या बैठकीत तेवढे एक प्रकरण सर्वांनी मिळून वाचावे. कादंबरीला नुकतीच सुरुवात केलेल्यांना त्या दिवसापुरती चहाची जबाबदारी द्यावी आणि वाचन संपेपर्यंत स्वयंपाकघरात बसवावे.