पावसाळ्यात नेट नसलं तरी डॉकरवर काम चालू कसं ठेवायचं

आम्ही दोघंतिघं दापोलीत बसून होमस्टे बुकिंगचं वेब अ‍ॅप बनवतोय, नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं), मागे पोस्टग्रेस डेटाबेस, सगळं डॉकर कंपोजमध्ये. डॉकर म्हणजे अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एका वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन, आणि कंपोज असे कंटेनर एकत्र चालवतं. जून लागला की लाईटचा भरवसा नाही आणि नेटचा तर त्याहून नाही, म्हणून जे काय उतरवायचं ते एकदाच उतरवायचं आणि नंतर रोजच्या कामाला नेट लागताच नये, अशी मांडणी करून ठेवायची.

सगळ्यात आधी डॉकरफाईलमधला क्रम बघा, म्हणजे इमेज (कंटेनरचा साचा) कशी बनवायची ते लिहिलेल्या फाईलमधला. बरेच जण आख्खा कोड एकदम कॉपी करतात आणि खाली एनपीएम इन्स्टॉल (नोडची पॅकेजेस उतरवणारी कमांड) लिहितात. आता डॉकर प्रत्येक पायरी कॅशमध्ये ठेवतो, पण एक पायरी बदलली की तिच्या खालचं सगळं परत करतो, म्हणजे बटणाचा नुसता रंग बदलून बिल्ड मारलात, म्हणजे इमेज परत बनवलीत, तरी सगळी पॅकेजेस पुन्हा नेटवरून ओढणार, आणि दिवसाचा दीड जीबी त्यातच संपणार. त्यापेक्षा आधी फक्त पॅकेज डॉट जेसन आणि लॉक फाईल (कुठली पॅकेजेस लागतात त्याच्या याद्या) कॉपी करा, मग एनपीएम सीआय (लॉक फाईलप्रमाणे नेमकी पॅकेजेस बसवणारी कमांड), आणि कोड सगळ्यात शेवटी. डॉकरइग्नोअर फाईलमध्ये (इमेजमध्ये काय घ्यायचं नाही ते इथे लिहितात) नोड मॉड्यूल्स, म्हणजे उतरवलेल्या पॅकेजेसचा फोल्डर, आणि गिटचा फोल्डर टाका, हे विसरू नका. बेस इमेज (जिच्यावर आपली इमेज बनते ती) नोडची स्लिम घ्या, साधी नोड इमेज उघडल्यावर १ जीबीच्या आसपास जाते. अल्पाईन नावाची अजून लहान आहे पण त्यात नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी मसल (musl) लायब्ररी असते, काही पॅकेजेस तिथे अडतात, मला स्लिमच बरी वाटते.

रोज कोड बदलताना बिल्ड करूच नका. कंपोजमध्ये कोडचा फोल्डर बाईंड माऊंट करा, म्हणजे तुमचा फोल्डर थेट कंटेनरमध्ये दिसेल, नोड मॉड्यूल्सला वेगळा व्हॉल्यूम (डॉकरने सांभाळलेली साठवणीची जागा) द्या, नाहीतर माऊंट केल्यावर कंटेनरमधली पॅकेजेस तुमच्या फोल्डरखाली झाकली जातात आणि मॉड्यूल सापडत नाही म्हणून नोड ओरडतो. विंडोजवाल्यांनी कोड सी ड्राईव्हवर न ठेवता डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमध्येच चालणाऱ्या लिनक्सच्या) आत ठेवावा, बाहेर ठेवला तर खूप स्लो चालतं आणि फाईल सेव्ह केल्याचं कंटेनरला कळतच नाही.

डेटाबेसला जोडताना लोकलहोस्ट लिहू नका, कंपोजमधलं सर्व्हिसचं नाव लिहा, कारण कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच. लाईट येऊन सगळं एकदम चालू केलं की अ‍ॅप आधी उठतं आणि पोस्टग्रेस अजून तयार नसतो, म्हणून पोस्टग्रेसला हेल्थचेक (तयार आहे का ते बघणारी तपासणी) लावा आणि अ‍ॅपच्या डिपेंड्स ऑनमध्ये सर्व्हिस हेल्दीची अट घाला, म्हणजे अ‍ॅप तोवर थांबेल.

टीममध्ये नवीन कोणी आलं तर त्याला परत डाऊनलोड करायला लावू नका. डॉकर सेव्हने इमेजची टार फाईल करा, पेनड्राईव्हवर द्या, त्याने डॉकर लोड मारायचं, झालं. आम्ही दाभोळच्या मित्राला असंच दिलं, पण त्याचा लॅपटॉप इंटेलचा आणि इमेज एम वन मॅकवर (ज्याचा प्रोसेसर वेगळ्या प्रकारचा) बनवलेली, ती चाललीच नाही, तेव्हा बिल्ड करताना प्लॅटफॉर्म लिनक्स एएमडी चौसष्ट द्या.

आणि कंपोज डाऊनला (कंटेनर बंद करून काढून टाकणारी कमांड) मागे -v लावलात तर व्हॉल्यूम पण जातो, म्हणजे डेटाबेस गेला. गणपतीच्या बुकिंगचा सगळा टेस्ट डेटा माझा असाच गेला होता, दोन दिवस बसून परत भरला. आता काम थांबवायचं असेल तर मी फक्त कंपोज स्टॉप मारतो आणि संध्याकाळी लाईट असेपर्यंत पीजी डंप (डेटाबेसचा बॅकअप) काढून ठेवतो.