जुना इपॉक्सी काढताना हिरा कसं काम करतो

भोसरीतल्या एका शेडमध्ये फरशीवर हिरवा इपॉक्सी, म्हणजे रेझिनचा कडक थर होता, चांगला २ मिलिमीटर जाड. मी फरशी घासायच्या मशीनला नेहमीचे ३० नंबरचे सेगमेंट, म्हणजे हिऱ्याचे घासणारे तुकडे लावून ते फिरवलं (नंबर जितका लहान, तितके हिऱ्याचे कण जाड). तासाभरात थर निघाला नाहीच, उलट तापून मऊ झाला आणि सेगमेंटला चिकटून बसला. तेव्हापासून मशीन गाडीतून उतरवण्याआधी मी फरशी तपासतो.

सेगमेंट म्हणजे अख्खा हिरा नसतो. धातूच्या भुकटीत कृत्रिम हिऱ्याचे कण मिसळून, दाबून भाजलेला तो तुकडा असतो. हा धातू, म्हणजे बाँड, झिजायलाच हवा. तो झिजला की बोथट कण गळतात आणि खालचे धारदार कण वर येतात. त्याला झिजवते ती काँक्रीटमधली रेती. इपॉक्सीच्या थरावर ही झीज होत नाही, म्हणून सेगमेंटचं तोंड काचेसारखं गुळगुळीत होतं. असं झालं तर फरशीवर मूठभर कोरडी रेती टाकून मशीन फिरवा, धार परत येते.

बाँड निवडताना हिशोब उलटा असतो: कडक काँक्रीटला नरम बाँड, भुसभुशीत कोब्याला कडक. कोपऱ्यात थर खरवडून खालचं काँक्रीट उघडं करा आणि खिळ्याने ओरखडून पाहा. खोल चर पडला तर कोबा नरम आहे.

थर किती जाड आहे, तेही तिथेच कळतं. पातळ रंगाला १६ किंवा ३० नंबरचा सेगमेंट पुरतो. जाड इपॉक्सी किंवा टाइलखालचा चिकट गोंद असेल तर पीसीडी (पॉलिक्रिस्टलाइन डायमंड) लावा. त्यात हिऱ्याचा सलग थर कार्बाइड या कडक धातूसारख्या पदार्थावर बसवलेला असतो. तो घासत नाही, खुरप्यासारखा थर खरवडून काढतो, त्यामुळे थर तापून मऊ होत नाही. काही पीसीडींवर बाण असतो. मशीनचा हेड त्याच दिशेला फिरतो ना, हे बघूनच बसवा. जमिनीतून वर आलेले अँकर बोल्ट आधी कापून घ्या. एका बोल्टवर आपटला तरी पीसीडीचा टवका उडतो.

मशीन चालू असताना एका जागी थांबू नका, खड्डा पडतो. डावी-उजवीकडे झुलवत पुढे जा, आधीच्या पट्ट्यावर थोडं चढवून. पीसीडीचे चर राहतात, ते नंतर ३० नंबरने आडवे घासून काढा. भिंतीलगत हातातला ग्राइंडर आणि त्याला कप व्हील, म्हणजे वाटीसारखी हिऱ्याची चकती.

धुळीच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा व्हॅक्यूम मशीनला जोडलेलाच हवा, नाका-तोंडावर घट्ट बसणारा मास्क हवा, रुमाल नव्हे. आणि कोरडा झाडू अजिबात मारायचा नाही.

शेवटी फरशीवर ठिकठिकाणी पाणी शिंपडा. शोषलं जाऊन डाग गडद झाला, तर तिथे काँक्रीट उघडं आहे. थेंब मोत्यासारखा तसाच उभा राहिला, तर तिथे अजून थर आहे. खांबांच्या बुडाशी असे थेंब हमखास सापडतात.