टाऊनच्या घाऊक विजेचं काय करायचं? मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या लोकांसाठी

लाइट बिल आलं की बहुतेक जण शेवटचा आकडा बघतात आणि भरून टाकतात. या वेळी मधलं पान उघडा. तिथे दोन भाग दिसतील, डिलिव्हरी आणि सप्लाय. डिलिव्हरी म्हणजे खांब, तारा, मीटर आणि वादळात पडलेली लाइन जोडायला रात्री-अपरात्री येणारी माणसं. हा भाग एव्हरसोर्स किंवा नॅशनल ग्रिडसारख्या तुमच्या भागातल्या वीज कंपनीकडेच राहतो, त्यात आपलं काही चालत नाही. सप्लाय म्हणजे प्रत्यक्ष वीज. ती कोणाकडून घ्यायची हे ठरवायची मुभा राज्याच्या १९९७ च्या कायद्याने ग्राहकाला दिली. त्याच कायद्याने टाऊन आणि सिटी यांनाही सगळ्या रहिवाशांची मागणी एकत्र करून घाऊक सौदा करता येतो. केप कॉड आणि मार्थाज व्हिनयार्डवरच्या गावांनी त्याच वर्षी ‘केप लाइट कॉम्पॅक्ट’ उभा केला. बॉस्टनने २०२१ मध्ये सुरुवात केली.

मी आमच्या टाऊनच्या एनर्जी कमिटीवर आहे. मानधन शून्य, कॉफी आपापली. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हमखास कोणीतरी गाठतं, “काका, टाऊनचं पत्र आलंय विजेचं. खरं आहे की फ्रॉड?” म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आधी बिलावर सप्लायरचं नाव बघा. ‘बेसिक सर्व्हिस’ लिहिलं असेल तर तुम्ही वीज कंपनीच्या ठरलेल्या दरावर आहात आणि तो दर साधारण दर सहा महिन्यांनी बदलतो. दुसऱ्याच कंपनीचं नाव असेल तर एक तर टाऊनची योजना आधीच चालू आहे, नाहीतर दारावर आलेल्या कोणाला तरी घरातल्या कोणीतरी सही दिली आहे. श्रुसबरी, बेलमाँट, काँकर्ड, वेलस्ली अशा चाळीसेक गावांची वीज कंपनी गावाच्याच मालकीची आहे. तिथल्यांना ही योजना लागू नाही, त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

तुमच्या टाऊनमध्ये योजना नसेल तर सुरुवात टाऊन मीटिंगपासून, म्हणजे गावाचे निर्णय घेणाऱ्या सभेपासून करावी लागते. सिटी असेल तर कौन्सिलपासून. सिलेक्ट बोर्ड (गावाचा कारभार बघणारं निवडून आलेलं मंडळ) स्वतःहून ठराव आणत नसेल, तर वार्षिक टाऊन मीटिंगच्या वॉरंटवर, म्हणजे विषयपत्रिकेवर तो घालायला दहा नोंदणीकृत मतदारांच्या सह्या पुरतात. एच-वन किंवा ग्रीन कार्डवाल्यांना सही करता येत नाही. पण सिलेक्ट बोर्डाच्या बैठकीत जाऊन बोलायला कोणाची आडकाठी नसते, आणि वीजजोडणी तुमच्या नावावर असेल तर योजनेत तुम्ही नागरिकाइतकेच धरले जाता. ठराव झाला की टाऊन आराखडा करतं, राज्याच्या ऊर्जा विभागाचा सल्ला घेतं आणि मग सार्वजनिक सेवा विभागाची मंजुरी मिळवतं. इथे धीर लागतो. आमच्यापैकी दोघे-तिघे याच टप्प्यावर कंटाळून कमिटी सोडून गेले.

खरी गंमत निविदेच्या दिवशी असते. सप्लायर सकाळी दर देतो आणि तो दुपारपर्यंतच टिकतो, कारण तोही तेवढ्याच वेळात घाऊक बाजारातून वीज बांधून घेणार असतो. “पुढच्या मंगळवारच्या बैठकीत ठरवू” असं म्हणायची सोय नाही. म्हणून सही करायचा अधिकार टाऊन मॅनेजरला आधीच देऊन ठेवतात. तुम्ही विचारायचा प्रश्न असा, की हा अधिकार कोणत्या मर्यादेत दिलाय? जास्तीत जास्त दर किती, मुदत किती आणि दर पटला नाही तर सही न करता परत यायची मोकळीक आहे का? सल्लागार कंपनीचं कमिशनही विचारा. ते सहसा युनिटमागे सेंटचा दहावा भाग असतं आणि दरातच मिसळलेलं असतं, त्यामुळे बिलावर दिसत नाही. (युनिट म्हणजे किलोवॅट-तास, आपल्याकडे होतं तेच.)

खरेदीची वेळ का महत्त्वाची, ते सांगतो. न्यू इंग्लंडची जवळपास निम्मी वीज नैसर्गिक वायूवर होते. थंडीत पाइपलाइनमधला वायू आधी घरं गरम करायला जातो, वीजकेंद्रांना महागडा आयात वायू किंवा तेल वापरावं लागतं आणि भाव चढतात. त्यात युक्रेनच्या युद्धाची भर पडली. नॅशनल ग्रिडचा घरगुती बेसिक दर २०२१-२२ च्या हिवाळ्यात युनिटला सुमारे १४.८ सेंट होता, तो पुढच्या हिवाळ्यात ३३.९ झाला. ज्या गावांनी आधीच दोन-तीन वर्षांचा दर बांधून घेतला होता, त्यांना या उडीची झळ लागली नाही. उलट भाव चढलेले असताना जो लांब मुदतीची सही करतो, तो बाजार उतरल्यावर अडकतो. त्यामुळे ‘हमखास स्वस्त’ असं कोणी सादरीकरणात म्हणालं की मी पेन खाली ठेवतो. स्थिर दर मिळतो, बऱ्याचदा स्वस्तही पडतो. हमी कोणालाच देता येत नाही.

आता हिरव्या विजेकडे. राज्याच्या नियमानुसार प्रत्येक सप्लायरला नव्या अपारंपरिक स्रोतांचा ठरावीक वाटा घ्यावाच लागतो. २०२५ साठी तो २७ टक्के होता आणि दरवर्षी वाढतो. टाऊन याच्यावर जादा घेऊ शकतं. ही खरेदी प्रमाणपत्रांची असते, म्हणजे तेवढी हिरवी वीज तयार झाल्याच्या दाखल्यांची. एका प्रमाणपत्राला हजार युनिट. समजा प्रमाणपत्र ४० डॉलरला पडलं, तर युनिटमागे ४ सेंट झाले. दहा टक्के जादा घेतलं तर दरात ०.४ सेंटची भर पडते. महिन्याला ६०० युनिट वापरणाऱ्या घराला २ डॉलर ४० सेंट.

इथे एक खोच आहे. ‘शंभर टक्के हिरवी, त्याच भावात’ असं ऐकलंत तर प्रमाणपत्रं कुठली ते विचारा. टेक्सासकडच्या जुन्या पवनचक्क्यांची प्रमाणपत्रं फार स्वस्तात मिळतात, पण ती घेतल्याने आपल्या भागात एकही नवं पॅनेल लागत नाही. न्यू इंग्लंडमधलीच, ‘क्लास वन’ प्रतीची (म्हणजे वर म्हटलेल्या नव्या स्रोतांची) हवीत, असा आग्रह धरा.

आणि टाऊन मूळ पर्याय कोणता ठेवतंय, यावर सगळ्यात जास्त भांडा. योजनेत घेण्याआधी टाऊन घरी पत्र पाठवतं, पण बहुतेक घरांत ते न वाचताच रिसायकलिंगमध्ये जातं, म्हणजे कमिटी जो पर्याय आपोआप लावेल तोच गावाची निवड ठरतो. माझं मत विचाराल तर दहा-वीस टक्के जादा हा मूळ पर्याय असावा, ज्यांना दोन-चार डॉलरही जड आहेत त्यांच्यासाठी जादा काही नसलेला आणि हौशींसाठी शंभर टक्क्यांचा. मूळ पर्यायच शंभर टक्के ठेवला की पेन्शनवरचे लोक चिडून बाहेर पडतात.

पत्र आलं की नकार कळवायला ३० दिवस असतात. काहीच केलं नाही तर मीटरच्या पुढच्या वाचनापासून तुम्ही योजनेत. नंतरही कधीही बाहेर पडता येतं, दंड नाही. (कॅलिफोर्नियात नियम वेगळे आहेत, बे एरियातल्या भाच्या-पुतण्यांना हे जसंच्या तसं सांगू नका.) कमी उत्पन्नाची सवलत आणि छतावरच्या सोलरचं क्रेडिट दोन्ही तसंच चालू राहतं. दुसऱ्या सप्लायरशी तुमचा करार असेल तर टाऊन तुम्हाला आपोआप घेत नाही. आधी त्या करारात मुदतीपूर्वी सोडल्याचा दंड आहे का ते बघा. मंदिर किंवा मंडळ करमुक्त असेल तर खजिनदाराने करमाफीचं प्रमाणपत्र नव्या सप्लायरलाही पाठवावं, नाहीतर बिलात विक्रीकर लागायला सुरुवात होते.

टाऊनची योजना घरोघरी माणूस पाठवत नाही. गळ्यात ओळखपत्र अडकवून “टाऊनकडून आलोय, जरा बिल दाखवा” म्हणणाऱ्याला बिल दाखवू नका. त्यावरचा खाते क्रमांक मिळाला की तुमचा सप्लायर बदलायला त्याला फारसं काही लागत नाही. घरी आई-वडील राहायला आले असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवा, कारण ते आलेल्याला आत बोलावून चहा विचारतात.