ताटातले आणि वाटीतले : हॉटेलात उरलेले अन्न घरी कसे आणावे

मागच्या हिवाळ्यात परदेशातून आलेल्या आमच्या भाच्याने इंदूरच्या विजयनगर भागातल्या एका हॉटेलात स्वतःच्या ताटातला अर्धा नान आणि चमच्याने ढवळलेली दाल एकाच डब्यात भरून मागितली, तेव्हा शेजारी बसलेल्या आमच्या आत्याने काहीही न बोलता आपला पाण्याचा पेला थोडा पलीकडे सरकवला. त्याला त्यात काही वावगे वाटत नव्हते आणि आत्याला त्याकडे पाहवत नव्हते. इंदूरच्या अनेक मराठी घरांतली मुले आज बाहेरदेशी आहेत, ती सुट्टीत इकडे येतात आणि आईवडील सहा-सहा महिने तिकडे जाऊन राहतात. त्यामुळे दोन्हीकडच्या रीती ठाऊक असणे सोयीचे ठरते.

पहिली गोष्ट ही की, आपल्या घरांचा आक्षेप शिळ्या अन्नाला नसून उष्ट्याला आहे. फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात हे आदल्या दिवशीच्या उरलेल्याचेच पदार्थ आहेत, आणि माळव्यात होळीनंतरच्या शीतळा सप्तमीला तर चूल न पेटवता आदल्या दिवशी केलेले अन्नच मुद्दाम खाल्ले जाते. मात्र वाटीत उरले ते ‘उरलेले’ आणि ताटात उरले ते ‘उष्टे’, ही रेघ ठळक आहे, आणि हॉटेलातून अन्न आणायचे असेल तर सगळी काळजी ही रेघ सांभाळण्यातच घ्यावी लागते. भाजी आली की वाढण्याचा चमचा बाजूला मागून घ्यावा, कारण पुष्कळ ठिकाणी तो भांड्यासोबत येत नाही आणि मग कोणीतरी स्वतःचाच चमचा भांड्यात घालतो. ताटात एका वेळी थोडेच वाढून घ्यावे. पोळ्या किंवा नान एकदम न मागवता दोन-दोन मागवावेत, म्हणजे शेवटी हात न लागलेले असे काही शिल्लक राहते. पोट भरत आल्याची जाणीव झाली की तेव्हाच, हात धुवायला उठण्यापूर्वी, ‘भैया, ये दोनों सब्ज़ी पैक कर देना’ असे सांगावे. एकदा पोऱ्याने भांडी एकावर एक रचली की वाटीतले आणि ताटातले एकच होऊन जाते.

मागायचे कोणी, हा प्रश्न नाजूक आहे. बिल स्वतःचे असेल तर संकोचाचे कारण नाही. इंदुरात कोणताही वेटर याला कमीपणा समजत नाही आणि बहुतेक वेळा तोच विचारतो. बिल दुसऱ्याचे असेल तर पाहुण्याने विषय काढू नये. यजमानाने मात्र तो आवर्जून काढावा आणि तोही असा की, समोरच्याला आपण उरलेसुरले देत आहोत असे वाटू नये: ‘वहिनी, ही पनीरची भाजी मुलांसाठी घेऊन जा, आमच्याकडे उद्या कोणी जेवायला नाही.’ नव्याने जुळलेल्या व्याह्यांसोबत जेवण असेल तर माझ्या मते काहीच बांधून घेऊ नये आणि मुळातच कमी मागवावे. त्या प्रसंगी एका वाटी कोफ्त्यासाठी मानापमानाची चर्चा ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

जिथे वाढपी हवे तितके वाढत राहतात अशी राजस्थानी किंवा गुजराती थाळी, तसेच बुफे, यांतले काहीही घरी नेता येत नाही. तिथले पैसे त्या बैठकीत खाण्याचे असतात, म्हणून रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलेले मोहनथाळ हा काटकसरीचा नमुना मानता येणार नाही.

बांधण्याच्या बाबतीत मी स्वतः एकदा फसलो आहे. पलासियाच्या बाजूच्या एका हॉटेलाने उकळती रस्साभाजी पातळ पन्नीत भरून तोंडाला रबर लावून दिली. घरी पोहोचेपर्यंत ती स्कूटरच्या डिकीत पसरली आणि पुढचे दोन महिने डिकी उघडली की कसुरी मेथीचा वास येत असे. तेव्हापासून मी गाडीत दोन स्टीलचे घट्ट झाकणाचे डबे ठेवतो. गरम आणि तेलकट पदार्थ पातळ प्लास्टिकमध्ये घेऊ नयेत, आणि वर्तमानपत्राच्या कागदात तर मुळीच घेऊ नयेत; छपाईच्या शाईतली द्रव्ये अन्नात उतरतात, म्हणून अन्न बांधण्यासाठी असा कागद वापरण्यास भारतात नियमानेच मनाई आहे.

इंदुरात तर काय आणावे आणि काय जागीच संपवावे, हे पदार्थागणिक ठरते. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत घेतलेला गराडू (तळलेला कंद) घरी नेऊ नये. कढईतून निघून मसाला आणि लिंबू पडल्यावर पाच मिनिटांत तो संपला पाहिजे, सकाळी तो चामड्यासारखा होतो. जिलबीची तीच गत. दहीवडा उन्हाळ्यात आणणे धोक्याचे आहे, कारण दही वाटेतच आंबू लागते. भुट्ट्याचा कीस मात्र उत्तम टिकतो. तो दुधात शिजलेला असल्यामुळे लगेच फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी थोडे दूध घालून मंद आचेवर परतावा. पोहे आणायचे असतील तर शेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) वेगळ्या पुडीत घ्यावे, नाहीतर शेवेचा लगदा होतो. गरम करताना पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावे. दाल-बाफल्यातले उरलेले बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, ही तर पर्वणीच आहे: ते कुस्करून, हिंग-मोहरी-कांद्याची फोडणी देऊन, आमच्याकडे फोडणीच्या पोळीसारखे केले जातात, आणि तूप आधीच भरपूर असल्याने तेल नावापुरतेच लागते.

वेळेचे गणित सैल सोडू नये. ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात जंतू वेगाने वाढतात, म्हणून शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात ते फ्रिजमध्ये गेले पाहिजे. मे महिन्यातल्या इंदुरात हा एक तास टेबलावरच्या गप्पांतच संपतो. अन्न उथळ भांड्यात पसरून ठेवावे, म्हणजे मधला भाग लवकर गार होतो. भाताबाबत विशेष जपावे, कारण बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, आणि भात बाहेर राहिल्यास तयार होणारे विष नंतर कितीही गरम केले तरी जात नाही. बाकीचे पदार्थ वाफ येईपर्यंत एकदाच गरम करावेत आणि तीन दिवसांच्या आत संपवावेत.

आता परदेशाकडे वळू. अमेरिकेत ताटातले अर्धे खाल्लेले अन्न नेणे ही अगदी रोजची गोष्ट आहे. तिथे ताट प्रत्येकाचे वेगळे येते आणि वाढही मोठी असते, त्यामुळे वाटीतले आणि ताटातले हा भेदच उरत नाही. बहुधा वेटर रिकामा डबा आणून देतो आणि भरायचे आपणच असते, तेव्हा तो भरून आणील म्हणून वाट पाहत बसू नये. अशा बांधून नेलेल्या अन्नाला तिथे मिळालेल्या ‘डॉगी बॅग’ (कुत्र्याची पिशवी) या नावाची गंमत अशी की, ते १९४०च्या दशकात, युद्धकाळातल्या टंचाईत रूढ होऊ लागले आणि घरच्या कुत्र्याचे निमित्त पुढे करून माणसे स्वतःसाठीच अन्न नेऊ लागली. आपल्याकडे खरकटे खरोखरच कुत्र्याला आणि पोळी खरोखरच गायीला जात असे.

फ्रान्समध्ये असे मागणे बराच काळ कमीपणाचे समजले जाई, पण १ जुलै २०२१ पासून ग्राहकाने मागितल्यास पुन्हा वापरता येईल किंवा पुनर्चक्रित होईल असा डबा देणे तिथल्या उपाहारगृहांना बंधनकारक आहे. म्हणून तिथे शांतपणे मागावे, मात्र आपल्याला आपणहून कोणी विचारेल अशी अपेक्षा ठेवू नये. चीनमध्ये ‘दाबाओ’ (बांधून द्या) एवढा एक शब्द उच्चारला की काम होते. तिथे भरपूर मागवून उरवणे हा यजमानाच्या आतिथ्याचा भाग मानला जात असे, पण २०२१च्या अन्ननासाडीविरोधी कायद्याने फार उरवणाऱ्या ग्राहकाकडून त्याच्या विल्हेवाटीचे पैसे घेण्याची मुभा हॉटेलांना दिली आहे. जपानमध्ये अन्न वाया घालवणे लाजिरवाणे समजतात, तरीही विषबाधेच्या भीतीने अनेक हॉटेले ते नेऊ देत नाहीत. तिथे एकदा नम्रपणे विचारावे आणि नकार आल्यास आग्रह धरू नये. आई-वडील तिकडे जाणार असतील तर मुलांनी त्यांना हे आधीच सांगून ठेवावे, कारण टेबलावर मुलाने उष्टे भरून घेताना पाहून त्यांचे मन खट्टू होते आणि मग दुसऱ्या दिवशी तो डबा फ्रिजमध्ये तसाच पडून राहतो.

घरी आणलेले अन्न कामाला येणाऱ्या मावशींना किंवा इमारतीच्या चौकीदाराला देण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि तिथेच सर्वात जास्त चुका होतात. द्यायचेच असेल तर जेवण सुरू होण्यापूर्वी, कोणाचाही चमचा लागण्याआधी, तो वाटा वेगळा काढून बांधून घ्यावा; देताना तो कुठला आणि कधीचा आहे ते सांगावे आणि ‘हवे आहे का’ असे विचारावे. आपण स्वतः खाणार नाही असे काहीही देऊ नये. तिसऱ्या दिवशीही उरलेच असेल, तर ते ओल्या कचऱ्यात टाकावे. इंदुरात तो कचरा २०२२ साली दिवसाला ५५० टन क्षमतेने सुरू झालेल्या देवगुराडियाच्या बायो-सीएनजी (ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणाऱ्या) प्रकल्पात जातो. हॉटेलचा प्लास्टिकचा डबा मात्र सुक्या कचऱ्यात टाकण्यापूर्वी विसळावा, नाहीतर सकाळी कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस तो झाकणासकट आपल्याच हातात परत देतो.