अ‍ॅक्वेरियमच्या टाकीतले मासे पटापट मरतायत? औषध नंतर, आधी पाणी बघा

मासे वर येऊन धापा टाकतायत, कल्ले लालभडक झालेत तर लगेच निळं औषध (मिथिलीन ब्लू) ओतू नका, बऱ्याचदा रोग नसतोच, पाण्यात अमोनिया (माशांच्या घाणीतून तयार होणारं विष) वाढलेला असतो, नवीन टाकीत तर हमखास. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासून बनणारं, तेही विषारीच) दोन्ही ० पाहिजेत, जरा जरी दिसलं तर ३० टक्के पाणी बदला, नळाचं पाणी अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं द्रावण) टाकूनच, आणि एक-दोन दिवस खाणं बंद, धडधाकट मासे तेवढ्याने उपाशी मरत नाहीत. फिल्टरचा स्पंज नळाखाली घासू नका हो प्लीज, त्यातले अमोनिया संपवणारे कामाचे बॅक्टेरिया क्लोरीनने मरतात, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर मात्र इच (परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग), तिथे औषध हवंच, आणि ठिपके गेले तरी कोर्स पूर्ण करा, परजीवी तळाच्या खडीत वाढत असतो.